टाकीपासून खाणीपर्यंत

जानेवारी सरत आला होता आणि आमचं जाळरेषेचं काम अर्ध्यावर होतं. धायरीच्या मागं भैरोबाचा डोंगर. त्याच्या कडेकडेनं वीस फूट रुंद पट्टा धरायचा, दोन्ही अंगांनी विळ्यानं गवत कापून वाट मोकळी करायची आणि मधलं उभं गवत सकाळी वारा उठायच्या आत आपल्याच हातानं पेटवून द्यायचं. पट्टा जळून काळा पडला की उन्हाळ्यात वणवा तिथवर येतो आणि खायला काही नाही म्हणून जागच्या जागी मरतो. सांगायला एवढंच. करताना कंबर राहत नाही. त्या साली पाऊस दाबून झालेला, कुसळी गवत माझ्या छातीला लागायचं. कुसळं लुगड्यातून आत घुसायची. घरी गेलं की चुलीपुढं बसून पायातनं एकेक उपसायची, तोवर भाकरी करपायची.

आम्ही चार हंगामी मजूर आणि आमच्यावर वनपाल सर्जेराव. सर्जेराव गावचेच, आमच्या आळीतले. मे महिन्यात रिटायर होणार होते. तीस वर्षं डोंगर चढून त्यांचा उजवा गुडघा कामातनं गेलेला. उतरताना ते बाजू बाजूनं उतरायचे, खेकड्यासारखे. पण पेटवायच्या दिवशी काडी दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत.

त्या सकाळी पाण्याच्या टाकीपर्यंतचा पट्टा पेटवला. वारा पडलेला, धूर सरळ वर. आमच्या चौघांतला संतोष आणि मी, जाळ पट्ट्याबाहेर पडला तर झोडपायला, निरगुडीचे डहाळे घेऊन कडंला उभे. तेवढ्यात खालच्या सोसायटीच्या टॉवरातनं अर्ध्या चड्डीतला एक गडी धापा टाकत वर आला. मोबाईल समोर धरलेला. पियुष त्याचं नाव, हे पुढं कळलं.

"काका, हे काय चाललंय? तुम्ही जंगल जाळताय?"

"वाचवतोय, साहेब," सर्जेराव म्हणाले. नजर जाळावरच.

"जाळून वाचवताय? वा! मग पोहायला शिकवताना आधी बुडवत असाल."

"आज ही पट्टी जाळली न्हाई तर मार्चात समदा डोंगर जातोय. तुमच्या भिंतीपातुर येतोय."

"अहो, माझ्या मुलीला अस्थमा आहे. सकाळपासून नेब्युलायझर लावून बसलीये ती. अख्खी सोसायटी खोकतीये. कुणाला विचारून करता तुम्ही हे?"

मुलीचं ऐकलं तसे सर्जेराव त्याच्याकडं वळले. "पोरीला दम लागतोय व्हय? दोन तास खिडक्या लावून ठिवा. दहाला धूर बसतोय. उद्यापास्नं आदल्या दिवशी सांगावा धाडतो मी."

पण गड्याचं चित्रीकरण चालूच होतं. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ माझ्या जावेच्या फोनवरसुद्धा आला. जाळ, त्यापुढं खाकीतले सर्जेराव आणि वर लिहिलेलं, रक्षकच लावतात आग. दुसऱ्या दिवशी ऑफिसातनं फोन. पुढचा हुकूम येईस्तोवर काडी लावायची नाही.

"साहेब, टाकीपासनं खाणीपर्यंत दीड किलोमीटर राह्यलंय," सर्जेराव फोनवर सांगत होते. "तीच बाजू वाईट हाय. खाणीपाशी लोक कचरा आणून पेटवत्यात." पलीकडनं काहीतरी बोलणं झालं. सर्जेरावांनी फोन खिशात टाकला आणि टोपी काढून दगडावर बसले. खाली टॉवरच्या काचा उन्हानं चमकत होत्या.

मग म्हणाले, "जाळायचं न्हाई म्हणलेत. कापायचं न्हाई असं कुणी म्हणलं न्हाई. गवत कापून उचलून खाली न्यायचं. पट्ट्यात गवताची काडी ठिवायची न्हाई."

"चार माणसांत?" संतोष हसला. "मे उजाडंल, रावसाहेब. तुमचा निरोप समारंभ पट्ट्यातच करू."

"वीस इळं पायजेत."

मी बोलायचं टाळत होते, पण कुणीतरी बोलायलाच हवं होतं. "वीस बाया ह्या गावात एकीच्याच शब्दावर येत्यात," मी म्हणाले.

"ठावं हाय मला," सर्जेराव म्हणाले.

मथुराबाई माझी शेजारीण. आम्ही तिला मथुराक्का म्हणतो. साठी उलटलेली, पण विळा धरला की पोरींना मागं टाकते. अजून अकरा शेरडं राखते, खाणीच्या अलीकडं तिचा गोठा. नात्यानं ती सर्जेरावांची चुलत भावजय. पण अकरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं, आणि त्याला कारण होतं.

अकरा वर्षांमागं भैरोबाचा डोंगर तीन दिवस जळला होता. मोर जळाले, लावलेली रोपं गेली, पेपरात आलं. वरनं दट्ट्या आला, आरोपी कोण? अक्काचा नवरा रखमाजी त्या दुपारी शेरडं घेऊन डोंगरावर होता. खिशात काडेपेटी सापडली. विडी ओढणाऱ्याच्या खिशात आणखी काय सापडणार? पण सर्जेरावांनी जबाब लिहिला की आग लावताना आपण स्वतः पाहिलं. सहा वर्षं रखमाजी तारखांना गेला. दर तारखेला धुतलेलं धोतर नेसून निघायचा आणि संध्याकाळी न बोलता परत यायचा. निकाल लागायच्या आतच तो वारला. गावाच्या तोंडी मात्र निकाल कधीच लागला होता. त्याला आगलाव्या म्हणायचे. अक्काला आगलाव्याची बायको.

मी आधी एकटीच गेले. अक्का शेरडाच्या पायातला काटा काढत होती. मी सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"त्येला म्हणावं, सोता ये. गड्यामाणसाच्या निरोपाला बाया धाडत्यात व्हय?"

दुसऱ्या दिवशी आठच्या सुमाराला सर्जेराव आले. अक्काच्या अंगणात कामावर जाणाऱ्या बाया जमलेल्या. कुणी सोसायटीत धुणंभांडी करणारी, कुणी बांधकामावर जाणारी. डबे हातात, सगळ्या उभ्या. अक्कानंच थांबवल्या होत्या, हे मागनं माझ्या ध्यानात आलं.

"या साहेब," अक्का म्हणाली. "परत कुणाचं नाव लिवून न्यायचंय?"

"वहिनी, गवत कापायचं हाय. पट्टा मोकळा न्हाई झाला तर ह्या खेपंला तुमचा गोठा पयला जाईल."

"जाऊ दे. माझ्या घरातलं जायचं ते गेलंय."

सर्जेराव उभेच होते. कुणी बस म्हणालं नाही. गुडघा दुखत असणार, कारण ते सारखा पाय बदलत होते.

"काय करू म्हणता?"

"म्या कशाला सांगू? तुमी काय बघितलंत ते सांगा. ह्या बायांना सांगा. कोर्टात सांगितलंत तवा ह्या न्हवत्या तितं."

सर्जेरावांनी वळून आळीच्या तोंडाकडं बघितलं. मला वाटलं, हा माणूस आता मागं फिरतो. चार महिन्यांवर रिटायरमेंट, समोर वीस तोंडं, कोण बोलेल?

"मी बघितलं न्हवतं," सर्जेराव म्हणाले. "मी गेलो तवा आग लागून तास झाला व्हता. रखमादादा शेरडं हाकत खाली येत व्हता. वरनं नाव मागितलं, मी दिलं. डोळ्यांनी बघितलं असं लिवलं. तसं न्हवतं."

"म्हंजे खोटं लिवलंत."

"व्हय. खोटं लिवलं."

अक्कानं पदर तोंडाला लावला नाही की काही नाही. ती आत गेली, विळा घेऊन आली आणि उंबऱ्यावर धार बघितली. "डबं ठिवा घरी," ती बायांना म्हणाली. "आजचा खाडा पडंल. ज्येला जमंल त्येनी या." मग सर्जेरावांकडं वळून, "तुमच्यासाठी न्हाई. डोंगर काय तुमचा न्हाई."

अठराजणी आल्या. पुढं ज्यांना कामं सोडणं परवडेना त्या पहाटे येऊन आठला जायच्या, त्यांच्या जागी दुसऱ्या यायच्या. अक्का सगळ्यांच्या पुढं. ती मुठीत गवत धरून असा हात मारायची की खाली बोटभर खुंट राहायचा. आम्ही मागनं पेंढ्या बांधायचो, डोक्यावर घेऊन उतरायचो. हिरवं असतं तर गोठेवाल्यांनी भांडून नेलं असतं. वाळल्या कुसळीला कोण विचारतो? शेवटी डेअरीवाल्या नागोरावानं गुरांच्या खाली अंथरायला म्हणून टेम्पो धाडले. सर्जेराव स्वतः पेंढ्या वाहायचे. अक्का त्यांच्याशी कामापुरतंही बोलायची नाही. पाणी मागितलं तर तांब्या दगडावर ठेवून बाजूला व्हायची.

सोळा दिवस गेले. हातांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. माझी पाठ अशी धरली की निजताना कूस बदलायला नवऱ्याला हाक मारावी लागायची. तरी खाणीजवळचा दोनेकशे पावलांचा तुकडा राहिलाच. तिथं नुसते धोंडे आणि घाणेरीची काटेरी जाळी, विळा चालेना. कोयते आणू, उद्या आणू, म्हणता म्हणता मार्च लागला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी बाराला, खाणीत कुणीतरी कचरा पेटवला. वारा पश्चिमेचा, भट्टीसारखा. मी घरी भांडी घासत होते. आधी वास आला, मग कावळे ओरडले. बाहेर येऊन बघते तो खाणीच्या तोंडाशी जाळ उभा.

आम्ही पोचलो तोवर आग गवतात शिरली होती. वणव्याचा आवाज ज्यानं ऐकलाय त्यालाच ठाऊक. मोठ्या पावसासारखा येतो, पण अंगावर पाण्याऐवजी चटका येतो. आग कापलेल्या पट्ट्यापाशी आली आणि खरंच बसली. माणूस उभा असतो तसा जाळ, तो वीतभर झाला, खुंटांवरनं फरफटत आला आणि आम्ही निरगुडीनं झोडपून संपवला. जवळजवळ दीड किलोमीटरभर असंच झालं. खाली टॉवरच्या गच्च्यांवर माणसं उभी होती.

पण राहिलेल्या तुकड्यात घाणेरी पेटली. तिथनं आग वरच्या अंगाला उडाली. सर्जेराव आणि संतोष ब्लोअर घेऊन तिकडं धावले. ब्लोअर म्हणजे पाठीवरचं यंत्र, वाऱ्याच्या झोतानं जाळ मागं ढकलतं. धुरात मला दोघंही दिसेनात. मग संतोष एकटाच खोकत बाहेर आला.

"रावसाहेब पडलेत! गुडघा गेला त्यांचा!"

मी पुढं जायच्या आत अक्का गेली. डोक्यावर ओलं पोतं, हातात डहाळा, कमरंला विळा. तिच्यामागं मी. सर्जेराव धोंड्यांत बसलेले, यंत्र पाठीवर तसंच चालू, उठता येईना. अक्कानं त्यांच्या पाठीवरचे पट्टे विळ्यानं कापले, पोतं त्यांच्या डोक्यावर टाकलं आणि आम्ही दोघींनी काखेत हात घालून ओढत आणलं. तिच्या डाव्या हाताचे केस जळाले होते, कोपरापर्यंत कातडी लाल.

खाली आणून टेकवलं तसे सर्जेराव म्हणाले, "वहिनी, सोडायचं व्हतं मला तितंच."

"गप ऱ्हावा," अक्का म्हणाली. "मेलासा तर दुसरा कोण कागदावर लिवून देनार?"

चार वाजेस्तोवर आग आटोक्यात आली. वरचे वीस-बावीस एकर गेले. मागं सगळा डोंगर गेला होता, त्या मानानं कमीच. गोठा वाचला, टॉवर वाचले. पियुष पाण्याच्या बाटल्यांचे दोन खोके घेऊन आला. "सॉरी काका," एवढंच म्हणाला. सर्जेरावांनी बाटली घेतली आणि विचारलं, "पोरगी कशी हाय?"

त्यानंतर सर्जेराव महिनाभर घरीच होते, पायाला पट्टा. एप्रिलात काठी टेकत ऑफिसला गेले आणि चार ओळींचा जबाब लिहून दिला. तिथल्या साहेबानं समजावलं म्हणे. आरोपी मेला, केस बंद झाली, आता उकरून कुणाचं भलं होणार? महिना राहिलाय, गोड शेवट करा. सर्जेरावांनी कागद मागं घेतला नाही. ऑफिसनं तो आवकच्या वहीत नोंदवून घेतला आणि दुसऱ्या आठवड्यात सर्जेरावांवरच चौकशी लावली. खोटा जबाब दिल्याबद्दल एक, आणि परवानगीशिवाय बाहेरच्या बायांना जंगलातलं गवत कापू दिल्याबद्दल दुसरी. एकतीस मेला हार नाही, नारळ नाही, चहासुद्धा नाही. ते आपली काठी घेऊन बसनं घरी आले.

दुसऱ्या दिवशी जबाबाची शिक्का मारलेली प्रत त्यांनी माझ्याकडं दिली. "तू वाचून दाखव. मी गेलो तर तिला माझ्याकडं बघावं लागंल."

अक्का उंबऱ्यात बसली होती. हातावरचा डाग आता पांढुरका झाला होता. मी कागद उघडला आणि वाचला. दिनांक अमुक रोजी रखमाजी यांना आग लावताना मी पाहिले नव्हते. माझा त्या वेळचा जबाब खोटा होता. रखमाजी यांचा या आगीशी संबंध असल्याचा कोणताही पुरावा माझ्याजवळ नव्हता. खाली सही.

अक्कानं हात पुढं करून शिक्क्यावरनं बोट फिरवलं. मग म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं.

"असं न्हवं. मोठ्यानं. पार आळीच्या टोकाला, शेवंताच्या घरापातुर जाऊ दे."

मी उभी राहिले. दारं उघडली, नळावरच्या बाया घागरी ठेवून वळल्या, पानपट्टीपाशी बसलेली म्हातारी माणसं उठून आली. रखमाजी तारखेला निघाला की पाठीमागनं आगलाव्या म्हणून हाका मारणारी हीच माणसं. मी घसा ताणून वाचत होते. कोण कोण आलंय ते बघायला मला सवड नव्हती. अक्का मात्र उंबऱ्यात ताठ बसून एकेकाच्या तोंडाकडं बघत होती, आणि जो खाली मान घालेल त्याच्यावर तिची नजर जरा जास्त थांबत होती.