बावडीचा पाट

खरे साहेब आपलेच, असं शालिनीताईंनी धरून चाललं आणि सगळा घोळ तिथंच झाला. आडनाव खरे म्हटल्यावर ग्वाल्हेरच्या मराठी बाईला दुसरं काय वाटणार? मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश झाला, निम्म्या कचेऱ्या भोपाळला निघाल्या आणि त्या पळापळीत दौलतगंज मोहल्ल्याच्या वाट्याला हे नवे ओव्हरसियर आले. ते हिंदीत बोलायचे, पण कचेरीत सगळेच हिंदीत बोलतात.

शालिनीताई मुलींच्या शाळेत शिकवायच्या. शिवाय दर रविवारी गल्लीमागच्या बावडीच्या पायऱ्यांवर त्यांचा आणखी एक वर्ग भरे. गल्लीतल्या बायका, दोन-तीन पेन्शनर, कधी भाजीवाली. पावसाळ्यात ताईंनी सगळ्यांना भिजत टेकडीवर नेलं. पाणी कुठून उतरतं, कुठली माती ते पिते, करधईच्या झाडाखाली ओल किती टिकते, हे ज्यानं त्यानं आपल्या डोळ्यांनी बघायचं. भोपाळहून नकाशे येतील तेव्हा येतील, टेकडीचं पाणी काही भोपाळला विचारून उतरत नाही, असं ताई म्हणायच्या. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, की टेकडीच्या पायथ्यापासून एक पाट काढायचा, वाटेत गाळ बसायला खड्डे ठेवायचे, पाणी बावडीत घ्यायचं आणि बावडी भरली की खालच्या वाफ्यांना सोडायचं. उन्हाळ्यात नळ रुसला तरी गल्ली तहानलेली राहणार नव्हती.

पण ताईंचे यजमान श्रीपादराव यांचीही बदली भोपाळला झाली. महिन्याभरात बिऱ्हाड हलवायचं होतं. आपण गेल्यावर हे सगळं बारगळणार, या धास्तीनं ताईंना घास गोड लागेना. त्या तडक कचेरीत गेल्या.

"साहेब, हमारे जाने से पहले बावड़ी का पाट करवा दीजिए."

"हो जाएगा, बहनजी. मोहल्ले से भी यही माँग आई है."

वर्गाचं चीज झालं, असं म्हणत ताई घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी श्रीपादराव हसत हसतच घरात शिरले. "अगं, तुझे ते खरे आपले नव्हेतच! सागरकडचे कायस्थ आहेत. मी मराठीत बोललो तर बघतच राहिले बिचारे. तुझी तारीफ करत होते पण. म्हणाले, अच्छा सुझाव दिया, कल सुबह बावड़ी पटवा देते हैं."

"काय म्हणाले? पटवा देते?"

"हो. मलब्याच्या गाड्या सांगितल्यात त्यांनी."

ताईंच्या पायाखालची वाळू सरकली. मराठीत पाट म्हणजे वाहत्या पाण्याची वाट. हिंदीत पाटणं म्हणजे खड्डा, विहीर बुजवून टाकणं. पाणी आणायला गेलेल्या बाईनं बावडी गाडायचा हुकूम देऊन ठेवला होता! करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

टांगा करून त्या हजीरा भागात खऱ्यांच्या बिऱ्हाडी गेल्या. दाराला कुलूप. परतताना टांग्यात एकच गोष्ट त्यांचा जीव खात होती. मोहल्ल्यातून मागणी आली, म्हणजे कुणाची? पाट शब्दाची गडबड आपली. मग दुसरं कोण बोललं?

आणि त्यांना दुर्गा आठवली. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या संभाजीराव हवालदारांची सून. दोन वर्षांपूर्वी तिची पाच वर्षांची पोर याच पायऱ्यांवरून घसरली आणि पाण्यात गेली. तरी दुर्गा वर्गाला यायची, अगदी वरच्या पायरीवर बसायची, बोलायची नाही. ताईंनीही तो विषय कधी काढला नव्हता. जखमेवरची खपली कशाला काढा, असं त्यांना वाटे. ती बाई रविवारी काय ऐकायला येत होती?

सकाळी त्या पोचेपर्यंत बावडीच्या तोंडाशी दगडमातीच्या बैलगाड्या उभ्या होत्या. पहिल्या गाडीवाल्यानं फळी काढायला हात घातला होता.

"रुको! मत डालो!"

खरे साहेब सायकलवरून उतरले. ताईंनी धापा टाकत पाट म्हणजे काय ते सांगितलं. साहेब हसले नाहीत. जमलेल्या बायकांतल्या दुर्गाकडे हात करून म्हणाले, "बहनजी, आपने एक बात कही, मैंने दूसरी समझी, चलो. लेकिन ये बाई तो साफ़ बोली थीं कि पटवा दो."

गल्ली जमली होती. दुर्गा पुढं आली.

"हाँ, मैंने बोला था," ती म्हणाली आणि ताईंकडे वळली. "ताई, टेकडीवर तुम्ही नेलंत, समदं दाखवलंत. पाणी कुठं थांबंल, गाळ कुठं बसंल, झाडाला किती मिळंल. मी हर रविवारी वाट बघितली, आज तरी ताई म्हणतील, पोरानं कुठं धरायचं. पायऱ्यांना साधा कठडा नाही तुमच्या बेतात. मग म्हटलं, पाटूनच टाका."

एवढी वर्षं मुली शिकवल्या, पण हिला एकदा विचारावं असं आपल्याला वाटलं नाही, या लाजेनं ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तो बताइए, क्या करूँ?" साहेबांनी ताईंना विचारलं.

"इससे पूछिए," ताई म्हणाल्या. "ही म्हणेल ते." म्हणताना त्यांचा जीव टांगणीला लागला होता. बावडी गेली तर गेली, पण आता आपण बोलायचं नाही, एवढंच त्यांना कळत होतं.

दुर्गा गाडीपाशी गेली. मलब्यातला एक दगड तिनं उचलून बघितला, ठेवला, दुसरा उचलला. गाडीवाला बैलांना थोपवून उभा होता.

"यहीं उतारो, भैया. भीतर नहीं," ती बावडीच्या उघड्या काठाकडे बोट दाखवत म्हणाली. "पहले इसी पत्थर की मुंडेर बनेगी, और सीढ़ी पे कठड़ा."

"और इनका वो पाट?" साहेबांनी विचारलं.

"वो बाद में. हम लोग देख लेंगे. ताई तो जा रही हैं."

ताईंना हे ऐकून बरं वाटलं आणि लागलंही. त्यांनी पदर खोचला आणि दगड उतरवायला गेल्या. दुर्गानं त्यांना या म्हटलं नाही, थोडी सरकून जागा मात्र दिली.