अकरा किलोमीटरवर

माही पोरगी प्रीती लंडन सोडून मेलबर्नले चालली होती. सतरा हजार किलोमीटर, मधात सिंगापूरले थांबून बावीस-तेवीस तास. हे तिनं मले लपून सांगितलं, कारण बापाशी सहा वर्षांपासून बोलणं बंद. तिनं आपल्या मनानं लग्न केलं तवा आमचे हे, आनंदराव, म्हणाले होते, "मी मेलो तरी येऊ नको." असा हेकेखोर माणूस. कळमन्याच्या बाजारात तीस वर्षं वजनकाट्यावर काढले, पण घरात कधी तोलून बोलले नाही.

हृदय कमजोर झालं तसे नरम पडले. प्रीती निघायच्या आदल्या दिवशी मी त्यायले सांगूनच टाकलं, तर म्हणतात, "फोन लाव वं तिले. मी बोलतो."

मीही काही कमी नाही. म्हटलं, "तोडलं तुम्ही, तुम्हीच लावा. माह्या मागं काहून लपता?"

त्यायनं फोन बाजूले ठेवून दिला. तवा पोरगी घरीच बॅगा भरून राहिली होती, फोन चालू होता. काय अवदसा आठवली मले.

दुसऱ्या दिवशी पुतण्यानं, धम्मानंदनं, मोबाइलवर तिचं विमान दाखवलं. ते आपल्या नागपूरवरूनच जाणार होतं. झालं, हे सकाळपासून चष्मा लावून त्या मोबाइललेच चिकटले. चहा थंडा झाला. बारा वाजता विमान शहरावर आलं.

"किती वर आहे गा?"

"अकरा किलोमीटर, मोठेबाबा."

"बस? मी कळमन्याले रोज सायकलनं याहून दूर जात होतो." अन् स्वतःच फोन लावला. एवढी जवळ आली तर लागेल, असं वाटलं बिचाऱ्याले. विमानात फोन बंद ठेवतात हे धम्मानंदनं समजावलं, तोवर चारदा लावून झाला होता.

मी विचारलं, "लागला असता तर काय बोलले असते?"

"काय बोलणार? पोहोचली की कळव म्हटलं असतं."

मले हसू आलं. सहा वर्षांनी एवढंच? म्हटलं, "संध्याकाळी उतरेल, तवा बोला." ते पोटभर जेवले, आडवे झाले. तीनले चहासाठी हलवलं तर उठलेच नाही. डॉक्टर येऊन पाहून गेले.

साडेचारले घरात माणसं जमून राहिली होती, तर प्रीतीचा फोन आला. सिंगापूरले उतरली होती.

"आई, बाबाचे चार मिस कॉल आहेत. खरंच बाबानं केले?"

तिच्या आवाजात एवढा आनंद, की तिनं विचारलं तेवढंच मी सांगितलं.

"हो वं, त्यायनंच. पोहोचली की कळव म्हणत होते."

ती रडता रडता हसली. "मग दे ना त्यायच्याजवळ फोन. मीच सांगते, अर्ध्या रस्त्यात पोहोचली म्हणून."

आनंदराव समोरच होते, पांढऱ्या चादरीत. मी फोन घेऊन त्यायच्याजवळ बसली.

"प्रीती," मी म्हटलं, "थांबले नाही वं तुहे बाबा."