पन्नास टनांचा ताळा

त्या दिवशी मी सकाळपासून हवेत होते. चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तो चहा प्यायलेही. जालन्यात 'सुमेधा, स्ट्रक्चरल इंजिनियर' अशी पाटी लावून जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि पहिलं काम चालून आलं होतं. तेही कुणाचं? वाटूरच्या शाळेत मला गणित शिकवणाऱ्या सत्यशीलाबाईंचं!

बाई निवृत्त झाल्या आणि बदनापुरात मुलींसाठी पाच मजली वसतिगृह बांधायला निघाल्या. तळमजल्यावर वाचनालय, त्यात सहा टेबलं आणि चोवीस खुर्च्या. दुपारी तीनला त्या येणार, माझी आकडेमोड बघणार आणि पटली तर कामाच्या पत्रावर सही करणार होत्या. नाही पटली तर भुजंग ठेकेदार टपलेलाच होता.

इमारत कॉम्प्युटरवर उभी होती, फक्त भूकंपाचा जोर काढायचा राहिला होता. तो दोन रीतींनी निघतो. एक कागदावरची साधी रीत, इमारतीच्या वजनाचा ठरावीक हिस्सा धरायचा. दुसरी सॉफ्टवेअरची. ते इमारत हलवून बघतं आणि आपला आकडा सांगतं. हा आकडा कागदावरच्यापेक्षा कमी निघाला, तर त्याला गुणून तेवढा वाढवायचा, असा नियम आहे. माझा कमी निघाला. मी किती पट ते काढलं आणि गुणलं.

तेवढ्यात बाईंचा फोन. "सुमे, बस मिळाली गं. येतोच आम्ही."

फोन ठेवून मी चाकाच्या खुर्चीत दोन गिरक्या घेतल्या, गुणलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर आठ खांब लालभडक झाले. म्हणजे जोर त्यांना पेलवत नव्हता, ते जाड करावे लागणार. केले जाड! पहिलंच काम, भक्कम झालं तर बिघडलं कुठं? मी तर खूशच होते.

तीनच्या ठोक्याला बाई आल्या. सोबत त्यांचे धाकटे भाऊ तातेराव. जयभीम झाला, पाणी झालं, आणि शहाणपणा दाखवायला मी त्यांना इमारतीचं हलणं दाखवलं. पडद्यावर पाच मजले कमरेतून डावीकडे झुकले, मग उजवीकडे, पार वरातीतल्यासारखे. तातेराव खुर्चीवरून उठून दारापर्यंत पोचले.

"आक्का, चल! ही पोरगी इमारत नाचवून राह्यली!"

"काका, ते हजार पटीनं वाढवून दाखवतंय. खरं हलणं ज्वारीच्या दोन-चार दाण्यांएवढं."

"जालना सोने का पालना म्हणतेत, बराबर हाय. म्हणून काय बिल्डिंग पाळण्यात बांधायची?"

मला हसू आवरेना. बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्याच भरात मी सांगून टाकलं, "फक्त खांब जाड करावे लागतील बाई. वाचनालयातली तीन टेबलं जातील."

बाईंचं हसू थांबलं.

वाटूरला बाईंच्या ओसरीवर अभ्यासाला चारच मुली मावायच्या. मी पाचवी. मी उंबऱ्यावर बसायचे, एक पाय आत, एक बाहेर. पाऊस आला की बाहेरचा पाय भिजायचा. हे वाचनालय कशासाठी आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि मीच त्यातून बारा मुली हसत हसत उठवल्या होत्या.

बाईंनी पिशवीतून लाल पेन काढला. "कागद दे. ताळा केलास?"

ताळा न केलेल्या गणिताला बाई शून्य द्यायच्या. तसं शून्य मी तीनदा मिळवलं होतं.

"वजन किती?"

"दोन हजार टन."

"हिस्सा?"

"अडीच टक्के."

"पन्नास टन झाले." बाईंनी लिहिलं. "आणि हा तुझा डबा काय म्हणतो?"

मी पडद्याकडे बघितलं. अठ्ठ्याहत्तर.

"गुणायच्या आधी किती होते?"

"बत्तीस."

बाईंनी पन्नासला बत्तीसनं भागलं. दीडपटीहून थोडं जास्त आलं. मग पन्नासला परत तेवढ्यानंच गुणलं आणि उत्तर माझ्यापुढं सरकवलं. अठ्ठ्याहत्तर.

"हातचा दोनदा धरलास, सुमे. सातवीतही हेच करायचीस."

"म्हणलो न्हवतो?" तातेराव दारातून आत आले. "भुजंगच बरा. तो म्हणतो, हिशेब कशाला? चार सळ्या जादा घाला, जालन्यात सळ्यांना काय तोटा?"

माझ्या जिभेवर तेच आलं होतं. जरा जादा धरलेलं बरं असतं बाई, सुरक्षित असतं. ऐकायला किती छान! पण त्या लाल पेनापुढं ते बाहेर पडेना. लाजेनं कान नुसते तापले होते.

"चुकलं बाई. तुमचा फोन ठेवला आणि आनंदात परत गुणलं."

"मग बस. दुरुस्त कर."

दोघं माझ्या डोक्यावर उभी राहिली. मी खांब पहिल्याएवढे केले, तसे ते परत लाल झाले. मग गुणाकार एकदाच ठेवला आणि बटण दाबलं. पट्टी सरकायला दोन मिनिटं लागली. तेवढ्यात तातेराव तीनदा खोकले.

पन्नास. बरोबर पन्नास! लाल खांब एकेक करून हिरवे झाले, आठही. मी टाळी वाजवली, आणि कुणीच वाजवली नाही म्हणून हात खाली घेतले.

"भुजंगला इचार की एकदा, आक्का," तातेराव पुटपुटले.

"विचारलं मी. वजन किती रे, म्हणलं. तर हसला. बाई, बिल्डिंग कोण तोलतं, म्हणे." बाईंनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे वळल्या. "टेबलं?"

"सहाही बसतात."

"उंबऱ्यावर कुणी न्हाई ना बसणार?"

बाईंना आठवत होतं. मी जोरजोरात नकाराची मान हलवली.

त्यांनी माझ्या आकडेमोडीखाली 'ताळा बरोबर' लिहिलं आणि कामाच्या पत्रावर त्याच लाल पेनानं सही केली. मी रडत होते आणि हसतही होते, तेव्हा तातेराव हळूच खुर्ची पुढं ओढून बसले.

"आता लाव की तो नाच परत," ते म्हणाले. "बघू दे आपली बिल्डिंग."