वारासुद्धा शिरणार नाही असे कव्हर

मी एक जुनी, पायाने चालणारी शिलाई मशीन आहे. मित्रांनो, ही गोष्ट माझी आहे, हे आधीच सांगून ठेवते. कारण या घरात कुणीही काही बोलायला लागले की बोलणे फिरून फिरून त्या मोटारसायकलवरच येते.

माझा जन्म कारखान्यात झाला. अंगावर काळा चकचकीत रंग आणि त्यावर सोनेरी वेलबुट्टी होती. दुकानातल्या सगळ्या मशीन बाजूला सारून वहिनींनी मला निवडले. सारी गल्ली त्यांना वहिनी म्हणते, म्हणून मीही म्हणते. फ्रॉक, गणवेश, अभ्रे, पडदे, काय काय म्हणून आम्ही दोघींनी शिवले नाही! वहिनींचे यजमान चष्म्याच्या दुकानात भिंगे घासतात, त्यामुळे त्यांचा हात हलका. संध्याकाळी घरी आले की ते माझ्यासमोर स्टूल घेऊन बसत आणि कच्चे टाके उसवून देत. आमचा तिघांचा संसार आहे, असे मला वाटे.

मग यजमानांचे वडील गेले आणि त्यांची मोटारसायकल आमच्याकडे आली. माझ्या खिडकीबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती ऐटीत उभी राहिली. लहानपणी यजमान तिच्या टाकीवर बसून वडिलांबरोबर शाळेत जात. वडिलांची ही एवढीच वस्तू उरली होती, ती चालती ठेवायची असे त्यांनी मनाशी ठरवले. झाले! माझ्यासमोरचे स्टूल शेडमध्ये गेले. मागोमाग माझी तेलाची कुपी गेली, तिच्या क्लचच्या तारेसाठी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यातही कहर म्हणजे वहिनींनी तिच्या टाकीसाठी कव्हर शिवायला घेतले, आणि तेही माझ्याकडून. जाड रेक्झिन, आत स्पंज, पेट्रोलच्या झाकणावर वेगळी झडप आणि झडपेला टिचबटण. रेक्झिन शिवताना माझी सुई मोडली, पाठ दुखून आली. पण खोटे कशाला बोलू, तसे काम मी आयुष्यात दुसरे केले नाही. मापात एका दोऱ्याचाही फरक नव्हता. वहिनींनी कव्हर चढवले, झडप दाबून बसवली आणि कौतुकाने म्हणाल्या, "बघा, वारासुद्धा शिरायचा नाही आत."

यजमानांनी त्या कव्हरचे इतके कोडकौतुक केले की मला बरे वाटले. पण मिरवत होती ती. कष्ट माझे आणि तोरा तिचा.

थोड्याच दिवसांत तिने नखरे सुरू केले. घरून निघे छान, पण गल्लीबाहेरच्या दुसऱ्या वळणापुढे गेली की आचके देई आणि गप्प होई. यजमान खाली उतरत, झाकण उघडून पेट्रोल आहे ना ते बघत, झाकण लावून झडप दाबत आणि किक मारत. मग ती सुरू होई आणि पुढे काही अंतरावर पुन्हा मान टाके. इंजिन तापते, जरा निवले की चालते, असे यजमानांनी ठरवून टाकले. मिस्तरीने प्लग बदलला, कार्बोरेटर उघडून धुतला, पेट्रोलची नळी नवीन घातली. गंमत अशी की त्याच्या दारात ती तासभर चालू ठेवली तरी बंद पडत नसे. मिस्तरी मोठा नीटनेटका माणूस. कामाला हात लावण्याआधी तो माझे कव्हर काढून, घडी करून खुर्चीवर ठेवी, तेलाचा डाग पडू नये म्हणून. शेवटी त्याने हात टेकले.

मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. ती बंद पडली की मी मनात म्हणे, पड, अशीच पड!

यजमानांना कामावर रोज उशीर होऊ लागला. मालकाने चारचौघांत सुनावले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. म्हणाले, "उद्या भंगारात देतो. बाबांची गाडी अशी रोज ढकलत नेणं मला बघवत नाही."

सकाळी वहिनींनी कव्हर काढून घेतले. इतक्या मायेने शिवलेले भंगारात कशाला घालवायचे, म्हणून त्यांनी ते माझ्यावर आणून ठेवले. मी मनातल्या मनात नाचले. वैरीण चालली होती आणि माझे काम माझ्याकडे परत आले होते.

दुपार झाली तरी यजमान आले नाहीत. आणि मग खिडकीबाहेर तोच ओळखीचा आवाज आला. ते मोटारसायकलवर बसूनच परत आले होते, हसत! दुसऱ्या वळणापुढे ती थांबलीच नाही. भंगारवाल्याचे फाटक आले तरी थांबली नाही, म्हणून यांनीही थांबवली नाही. सगळे गाव फिरून आले. जाताना तिला दया आली असेल, असे म्हणत त्यांनी माझ्यावरचे कव्हर उचलले आणि तिच्या अंगावर चढवले.

दुसऱ्या दिवशी ती त्याच वळणापुढे बंद पडली. यजमान घामाघूम होऊन तिला ढकलत घरी आले.

वहिनींनी कव्हर काढले, खिडकीपाशी नेऊन झडप उलटी केली. आतल्या स्पंजवर झाकणाचा गोल ठसा खोल रुतला होता. बराच वेळ त्या ठशावर बोट फिरवत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "काल हे तिच्या अंगावर नव्हतं. झाकणाला ते बारीक भोक आहे ना, त्यावरच स्पंज दाबून बसलाय. आत वारा गेला नाही तर पेट्रोल खाली उतरणार कसं? मीच गळा आवळला हो तिचा."

यजमानांनी कपाळाला हात लावला. मिस्तरी दर वेळी कव्हर काढून काम करी, मग त्याला दोष सापडणार कुठून?

वहिनींनी कात्री घेतली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातल्या सर्वांत सुबक कामाला माझ्या डोळ्यांदेखत भोक पडले. त्या भोकाच्या कडेने मलाच टीप मारायची होती, आणि मी अडले. कुरकुर करत जागीच थांबले. वहिनींना वाटले असेल, रुसली. रुसले होतेच, पण खरे कारण वेगळे होते. माझ्या अंगात तेलाचा थेंब नव्हता.

"हिची कुपी कुठं आहे?" वहिनींनी विचारले.

यजमान खाली मान घालून शेडमध्ये गेले. येताना एका हातात कुपी आणि दुसऱ्या हातात स्टूल होते. ते माझ्यासमोर बसले. तेल घालायची माझी भोके धाग्यांच्या कोंड्याने बुजली होती. हलक्या हाताने सुईच्या टोकाने एकेक मोकळे करत ते पुटपुटले, "हिचाही जीव गुदमरला होता की."

माझ्याविषयी कुणी इतके बोलून किती दिवस झाले होते! मी ती टीप अशी मारली की भोक आहे की नक्षी, हे ओळखू येऊ नये.

आता सुट्टीच्या दिवशी ती दोघे तिच्यावर बसून फिरायला जातात आणि मी घरात एकटी असते. जळते मी, अजूनही जळते. पण दुसऱ्या वळणापर्यंत कान देऊन ऐकते. आवाज तुटला नाही की मलाच हायसे वाटते.

मित्रांनो, आवडती वस्तू तुम्ही जपून झाकून ठेवता, ते चांगलेच आहे. पण मधून मधून झाकण उचलून आत बघत जा, तिला श्वास घेता येतो आहे ना. आणि तेलाची कुपी घेतलीत, तर जिची असेल तिला ती परत करा.