उजवा रकाना

नववी ब मधल्या मुली मी टाचणात लिहिलेलं तेवढंच बोलतात, हे माझ्या चौथ्या सराव पाठाला लक्षात आलं.

मी बीएडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या कन्याशाळेत मला विज्ञानाचे दहा पाठ द्यायचे होते. प्रत्येक पाठाचं टाचण आधी लिहून त्यावर आमच्या मार्गदर्शक डोईफोडे मॅडमची सही घ्यायची. टाचणात दोन रकाने असतात. डावीकडे मी काय बोलणार, उजवीकडे मुली काय उत्तर देणार. चौथ्या दिवशी घाईत मी उजवीकडे 'प्रतिध्वनी'ऐवजी 'प्रतिध्वी' लिहिलं होतं. जिला जिला विचारलं, तिनं तिनं 'प्रतिध्वी' असंच सांगितलं.

"तुझा वर्ग किती साथ देतो गं," मयूरी म्हणाली. ती माझ्याच बॅचची, मागे बसून माझ्या पाठांची निरीक्षणं लिहायची. "माझ्या आठवीतल्या तर खिडकीबाहेर बघत बसतात."

मला गुण चांगले पडत होते, म्हणून मी गप्प राहिले. पण त्यानंतर टाचण लिहायला बसलं की दोन ओळींत मी उठायचे आणि खोलीत फेऱ्या मारायचे.

सहाव्या पाठाला दुसऱ्या बाकावरची तरन्नुम मध्येच उभी राहिली. तिनं दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"ध्वनीच्या प्रसारणासाठी माध्यम लागते," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "निर्वात पोकळीतून ध्वनी जात नाही, बाई."

मी टेबलाशी गेले. उजव्या रकान्यात सहीच्या वर थोडी जागा होती, तिथं पेन्सिलीनं लिहिलं : विद्यार्थिनी – माझं पोट दुखतंय.

बेचाळीस मुली पोट धरून उभ्या राहिल्या आणि एका सुरात तेच म्हणाल्या. मी घाईघाईनं 'विद्यार्थिनी' खोडून तरन्नुमचं नाव घातलं. बाकीच्या खाली बसल्या. मयूरी तरन्नुमला बाहेर घेऊन गेली.

तास संपल्यावर डोईफोडे मॅडमनी वही मागून घेतली.

"सही झाल्यावर बदल केलात, गायधनी?"

"मॅडम, तिला दुखत होतं."

"मग ते आधी लिहायचं. मुली काय बोलणार हे माहीत नसेल तर शिकवणार काय?"

सातव्या टाचणात मी उजवा रकाना कोरा ठेवला. मॅडमनी पानं उलटून पाहिली. त्या रागावल्या नाहीत.

"कोऱ्यावर सही हवीय? देते. पण मग डावीकडेही करते." आजवर त्या फक्त उजव्या रकान्याखाली सही करायच्या.

सातव्या पाठाला मी वर्गात शिरले. मुलींना म्हणायचं होतं, आज मनातलं बोला. तोंडातून आलं, "विद्यार्थिनींनो, काल आपण काय शिकलो?"

बेचाळीस तोंडं उघडली. आवाज आला नाही. तोंडं तशीच उघडी राहिली. मी पुढचा प्रश्न विचारला, मग त्याच्या पुढचा. मॅडम मागच्या बाकावर बसून लिहीत होत्या. शेवटी मी वही उचलली, तरन्नुमपुढे ठेवली आणि कोऱ्या रकान्यावर बोट टेकवलं.

तिनं लिहिलं आणि लगेच मोठ्यानं बोलली, "मला मागचा धडाच कळला नाही."

वही पुढे सरकली. "फळ्यावर ऊन पडतं, दिसत नाही." "शिटी वाजवली तर कुठपर्यंत ऐकू येते? आमची वस्ती लांब आहे." मुली भराभर लिहीत होत्या, लिहिलेलं बोलत होत्या. मला हसू येत होतं.

वही शेवटून दुसऱ्या बाकावर कावेरी पोटेकडे गेली. या मुलीला मी एकदाही काही विचारलं नव्हतं. तिनं बराच वेळ पेन धरून ठेवलं.

"दिवाळीनंतर मला शाळेतून काढणार आहेत," ती म्हणाली.

कोण काढणार, असं मला विचारायचं होतं.

"शाब्बास," मी म्हणाले. "आता सगळ्यांनी फळ्याकडे बघा."

सगळ्यांनी फळ्याकडे पाहिलं. कावेरीनं नाही. तिनं आणखी एक ओळ लिहिली.

"मला जायचं नाही, बाई."

"अगदी बरोबर," मी म्हणाले. मी तोंडावर हात दाबला. हाताआडूनही ते स्पष्ट ऐकू आलं. डोईफोडे मॅडमनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी नोंदवलं.

कावेरी माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं मान खाली घातली आणि माझ्या रकान्यावरून बोट फिरवत एकेक ओळ वाचली. शाब्बास. अगदी बरोबर. पुढची ओळ तिनं खोडली. त्या ओळीच्या वर ती हळूहळू, अक्षर जपून, काहीतरी लिहू लागली. मनगटाआड मला ते दिसत नव्हतं.

माझं तोंड उघडलं.