भिंतीतली वाट

महेबूब पिंजाऱ्याचं घर हिंगोलीत कयाधूच्या काठाला, गल्लीच्या अगदी टोकाला. पुढच्या खोलीत गाद्या-उशांचं दुकान, मागं राहती जागा, आणि मागचं दार उघडलं की पन्नास पावलांवर नदी. मधल्या खडकाळ उतारावर त्याच्या आजापासून रुई वाळत आलेली. लोकांच्या बसलेल्या गाद्या उसवायच्या, रुई उन्हात पसरायची, पिंजायची, पुन्हा भरायची. ऊन खाल्ल्याशिवाय रुई फुगत नाही, एवढं साधं त्याचं शास्त्र.

पण चार-पाच वर्षांतून एकदा नदी तोच उतार चढून थेट घरात यायची. मागच्या पुरात लग्नाच्या सात गाद्या चिखलात लोळल्या आणि त्याच्या बायकोला, अजराला, पंधरा दिवस बहिणीच्या घरी चूल मांडावी लागली. म्हणून गल्लीच्या कडेनं पूरसंरक्षक भिंत होणार म्हटल्यावर महेबूबलाही हायसं वाटलं. मग एका सकाळी आखणीचा चुना आपल्या मागच्या दारासमोरून सलग गेलेला त्यानं पाहिला, आणि त्याचं तोंड उतरलं.

"मॅडम, पुरुषभर उंच भिंत घालून राहिले तुमी. मग मी उतारावर जाऊ कसा? थोडी वाट ठेवा ना."

काम बघायला येणारी निता नावाची तरुण इंजिनिअर मान हलवून म्हणाली, "चाचा, वाट ठेवली तर भिंत कशाला बांधायची? नदी काय दार वाजवून येते?"

शेजारचा गिरणीवाला साजीद तर भडकलाच. "तुमच्या रुईपायी आमच्या घरात पानी घेऊ काय? कायच्या काय!"

साजीदचं चुकत नव्हतं, हेच महेबूबला जास्त लागलं.

भिंतीच्या कामावर रूपाबाई नावाची गवंडीण होती, कनेरगाव नाक्याकडच्या तांड्यावरची. नवऱ्यामागं तिनं त्याची थापी उचलली होती आणि आता चार पुरुष गवंडी तिला विचारून ओळंबा लावायचे. दुपारची भाकरी ती अजराच्या ओट्यावर बसून खायची. तिनं हे सगळं ऐकलं. घास गिळून ती उठली आणि नितापुढं उभी राहिली.

"मॅडम, आमच्या तांड्याखाली कोल्हापुरी बंधारा हाय. पाऊस सरला की त्याच्या खाचांत बरगे, म्हंजे आडव्या फळ्या, घालतेत, पानी अडते. तेच इथं उलटं करा. एरवी वाट मोकळी, नदी चढली की बरगे. दोन खाचा ठेवा, बरग्याच्या दोन ओळी लावा, मधात काळी माती दाबा."

नितानं वही काढली, रूपाबाईला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं आणि आकृती काढून घेतली. आठ-दहा दिवसांनी वरून मंजुरी आली, पण एका अटीवर: नदी खडकावर रंगवलेल्या लाल पट्ट्याला लागली की बरगे घालायची जबाबदारी गल्लीतल्या कुणीतरी लिहून द्यायची.

"कोण घेतंय?" नितानं विचारलं.

महेबूबनं पुढं होऊन सही केली. घरी आल्यावर अजरा म्हणाली, "आता तुमाला तुमच्या बहिणीच्या गावालाबी जाता यायचं न्हाई पावसाळ्यात."

"न्हाई जात," तो म्हणाला.

भिंत उन्हाळ्यातच पुरी झाली. पावसाळा आला, पण भादव्यापर्यंत नदी पट्ट्याजवळ फिरकली नाही. महेबूब तरी दर जुम्म्याला सगळे बरगे खाचांत घालून काढायचा. साजीद गिरणीच्या दारातून हसायचा, "सराव चालू हाय का चाचा?"

भादव्यातच एका सकाळी हिंगोलीत लख्ख ऊन पडलं होतं. दोन गाद्यांची रुई उतारावर पसरली होती. तेवढ्यात सेनगावकडे दिलेल्या लेकीचा, अंजुमचा, फोन आला. "अब्बा, इकडं रातभर धो धो झाला. आमच्या पुलावरून पानी चाललंय."

महेबूबनं नदीकडं पाहिलं. ती शांत होती, पण पाण्याचा रंग गढूळला होता. "अजरा, रुई गोळा कर!" एवढं ओरडून तो बरग्यांकडं धावला. पहिले दोन त्यानं एकट्यानंच लावले. तिसरा उचलताना दुसरं टोक आपोआप वर आलं. बघतो तर साजीद, अंगावर पीठ तसंच.

"हसू नको आता," महेबूब म्हणाला.

"कोन हसून राहिलंय? धरा बराबर!"

दोन्ही ओळींचे आठ-आठ बरगे बसले, मधात गल्लीभरच्या लोकांनी घमेल्यांनी माती ओतून तुडवली. तासाभरात नदी लाल पट्टा गिळून भिंतीला टेकली आणि चढत पाचव्या बरग्यापर्यंत आली. आणि उजव्या कडेला, खाच जरा वाकडी राहिली होती तिथून, बोटभर जाड धार गल्लीत उडाली.

साजीदनं पोतं दाबलं, ते धारेनं फेकून दिलं. महेबूब म्हणाला, "जुनी रुई आणा. गुठळ्या झालेली."

अजरा आणि शेजारणी ओट्यावर बसल्या आणि मनगटाएवढ्या वाती वळू लागल्या. महेबूब एकेक वात काळ्या मातीत लोळवून गाद्या शिवायच्या दाभणाच्या मुठीनं फटीत ठासत गेला. त्याची बोटं सोलली. अकराव्या वातीला धार मंदावली, सतराव्याला नुसती ओल राहिली. दुपार कलली तसं पाणी एकेक बरगा खाली उतरू लागलं, आणि कुणीतरी चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी निता आली, रूपाबाईला बरोबर घेऊन. रूपाबाईनं वाकडी खाच हातानं चाचपली. "ही आमची चूक. तासून देते," ती म्हणाली. मग फटीतली वात ओढून पाहिली. ती हलेना. "चाचा, हे तर आमाला बी माईत नव्हतं."

"आमचा धंदाच हाय रुई ठासायचा," महेबूब लाजून म्हणाला.

साजीद मध्येच पुढं झाला. "मॅडम, तुमच्या त्या कागदावर चाचाच्या खाली माझं बी नाव घाला. त्यांनी बहिणीच्या गावाला कवा जावं मग?"

अजरानं सगळ्यांना खिचडी वाढली. जेवताना रूपाबाईनं सांगितलं, पलीकडच्या काठाला भिंतीचं काम निघालं होतं आणि तिथल्या धोब्यांनाही नदीवर उतरायला अशीच वाट हवी होती. "चाचा, येता का एक दिवस? वाती कशा वळायच्या, ते त्यांना दाखवा."

"येतो की," महेबूब म्हणाला, आणि बायकोकडं वळला. "पर वळायच्या कशा, हे हिलाच चांगलं येतं. तिला बी नेऊ."

"मला काहून?" अजरा म्हणाली खरी, पण कोणत्या दिवशी जायचं, हे तिनं रूपाबाईला तिथंच विचारून घेतलं.