माझं काळं पोट

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. फालोम्बे गावच्या रस्त्याकडेला एका ओताऱ्याने मोडीतलं इंजिन वितळवून मला ओतलं. वीस वर्षं मी नासिबेकोमाईंच्या चुलीवर मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा शिजवतोय. माई मला आतून लख्ख ठेवत, पण बाहेरून घासायला वेळ कुठला! रोज दोन तास पाण्याच्या वाटेवरच जात.

मग माईंची भाची तामांदानी जमिनीचा ताप मोजणारा कॅमेरा लावलेला ड्रोन घेऊन आली. शुक्रवारी बोअरची गाडी येणार होती आणि गावाला बोअर एकच मिळणार होता. आधीचा कोरडाठाक गेला होता. भर उन्हातही जी जमीन गार राहते, तिथे खाली पाणी असण्याची आशा जास्त. पण तामांदानीच्या कॅमेऱ्याचा आकडा रोज वेगळाच सरके, नकाशाचे तुकडे एकमेकांशी जुळेनात. म्हणून तिने माझ्यात गरम पाणी भरून तापमापी बुडवली. पाणी साठ अंश, माझ्या काळ्या पोटाकडे पाहून कॅमेरा म्हणाला पंचावन्न. म्हणजे पाचाची चूक; ती मिळवून सगळे आकडे सुधारता येणार होते. माझ्या काजळीलाही किंमत आहे, हे मला त्या दिवशी कळलं. फार बरं वाटलं.

बुधवारी मात्र कॅमेरा म्हणाला, तीस! तामांदानीने तो पुसला, उघडला, पुन्हा जोडला. अर्धा दिवस वाया गेला. शेवटी तिने मला हात लावला आणि बोटं पोळून घेतली. मी आरशासारखा चकचकत होतो.

आमच्याकडे परक्यापुढे काळं भांडं ठेवलं की घरच्या बाईची लाज जाते. गावाच्या नकाशात आपला टोप तसा दिसायला नको, म्हणून माईंनी मला वाळू-राखेने घासलं होतं.

"माई, चकचकीत भांडं कॅमेऱ्याला आभाळाचा गारवा दाखवतं, स्वतःचा ताप लपवतं," तामांदानी म्हणाली. "मला तुमचा काळा टोपच हवाय."

लोक नावं ठेवतील, एवढंच माई पुटपुटल्या. मग उठल्या.

"ठेवू देत. पाण्याला मीच जाते ना?"

दाणे काढलेल्या कणसांची ओली बुरकुंडं जाळून, धूर करून त्यांनी मला संध्याकाळपर्यंत चुलीवर धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हलल्या नाहीत. गुरुवारी कॅमेऱ्याची चूक पुन्हा पाचावर आली, आकडे सुधारल्यावर तुकडे जुळले, आणि शेळ्यांच्या गोठ्यामागे गार पट्टा दिसला. शुक्रवारी तिथेच पाणी लागलं. गढूळ गेल्यावर पहिलं नितळ पाणी माझ्यात भरलं गेलं.

मित्रांनो, भांड्यांची निगा राखा, जरूर घासा. पण आधी घरच्या बाईला विचारा. परवा शेजारीण वाळू घेऊन माझ्याकडे वळली, तशी माई पदर खोचून मध्ये उभ्या राहिल्या.

"आतून घास. बाहेरून तो गावाचा आहे."